दारातून आत गेलेला मुलगा

2 जुलै 1939, रविवार. न्यूयॉर्क शहरात तेव्हा मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि उद्याचे जग हा त्याचा विषय होता. माणसांचे लोंढे प्रदर्शनाकडे वाहत होते. त्याच दिवशी मॅनहॅटनमधल्या कॅरव्हॅन हॉल नावाच्या सभागृहात सुमारे दोनशे माणसे जमली. त्यांतली पुष्कळशी विशी-बाविशीची पोरे. निमित्त होते विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या आणि वाचणाऱ्यांच्या पहिल्या जागतिक संमेलनाचे. जागतिक हा शब्द शेजारच्या प्रदर्शनावरून उचललेला, एरवी सगळा मामला घरचाच. रे ब्रॅडबरी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा उसने पैसे घेऊन लॉस एंजेलिसहून बसने आला होता. फॉरेस्ट अॅकरमन नावाचा चाहता भविष्यकाळातला पोशाख अंगावर चढवून हिंडत होता. आणि ब्रुकलिनहून आलेला एकोणीस वर्षांचा, चष्मा लावणारा, नुकताच रसायनशास्त्राचा पदवीधर झालेला एक मुलगा दारापाशी घुटमळत होता. त्याचे नाव आयझॅक असिमॉव्ह.

घुटमळण्याला कारण होते. ज्या टोळक्यात त्याची ऊठबस होती त्या टोळक्याला संयोजकांनी दारातच अडवले होते. 'फ्यूचरियन्स' म्हणून ओळखली जाणारी ही मंडळी डाव्या विचारांची. विज्ञानकथेने जग बदलायला हातभार लावला पाहिजे असे त्यांचे म्हणणे. संयोजकांना राजकारण नको होते, शिवाय जुनी भांडणे होतीच. त्यांतल्या एकाने छापून आणलेली, संयोजकांवर हुकूमशाहीचा आरोप करणारी पत्रके सभागृहात सापडली आणि ठिणगी पडली. गडबड करणार नाही असे वचन द्या, तर आत सोडतो, अशी अट घालण्यात आली. सहा जणांनी ती मानली नाही. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोलहाइम, सिरिल कॉर्नब्लुथ हे त्या सहांतले. पुढे अमेरिकन विज्ञानकथेच्या इतिहासात ज्यांची नावे ठळक अक्षरांत आली ते हे लोक पहिल्या संमेलनाच्या वेळी बाहेर उभे होते! पत्रके काढणारा डेव्हिड काइल मात्र आत होता, कारण ती त्याची आहेत हे कोणाला ठाऊकच नव्हते. बँकेतल्या दोन संघटनांच्या निवडणुका ज्याने जवळून पाहिल्या आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. विषय अंतराळयानाचा असो की महागाईभत्त्याचा, माणसे भांडतात ती सारखीच.

असिमॉव्हला कोणी अडवले नाही. त्याच्या दोन-तीन कथा छापून आल्या होत्या. 'ट्रेन्ड्स' ही कथा तर 'अस्टाउंडिंग'च्या त्याच जुलैच्या अंकात होती आणि त्या अंकाचे संपादक जॉन कॅम्बेल सभागृहात बसले होते. एक पाऊल मागे घेऊन मित्रांबरोबर उभे राहायचे की पुढे टाकून लेखक व्हायचे? तो आत गेला. पुढे त्याला व्यासपीठावर बोलावण्यात आले, त्याने स्वतःचीच थट्टा करणारी दोन वाक्ये उच्चारली, लोक हसले, टाळ्या पडल्या. विज्ञानकथेच्या संमेलनात असिमॉव्ह बोलले ते हे पहिल्यांदा. मित्रांना बाहेर ठेवून आपण आत बसलो याची टोचणी त्यांच्या मनात राहिली आणि चाळीस वर्षांनी आत्मचरित्र लिहिताना त्यांनी ती लपवली नाही.

हा मुलगा व्यासपीठापर्यंत कसा पोचला, हे सांगायचे तर त्याच्या बापाच्या दुकानात जावे लागेल. असिमॉव्ह कुटुंब मूळचे रशियातल्या पेत्रोविची गावचे, ज्यू. आयझॅकची नेमकी जन्मतारीख घरात कोणालाच माहीत नव्हती. 2 जानेवारी 1920 ही त्याने पुढे स्वीकारलेली. (आपल्याकडे शाळेत घालताना हेडमास्तरांनी ठरवलेली 1 जून ही जन्मतारीख घेऊन निवृत्त झालेले कितीतरी लोक माझ्या पाहण्यात आहेत.) 1923 मध्ये, तीन वर्षांच्या मुलाला घेऊन हे कुटुंब अमेरिकेला आले. 1926 मध्ये वडिलांनी ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेट, सिगारेट, सोडा आणि वर्तमानपत्रे विकणारे दुकान टाकले. सकाळी सहाला उघडायचे आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर बंद व्हायचे. सुट्टी नाही, रविवार नाही. मुलाने शाळेतून आले की दुकानात उभे राहायचे. पुढे ख्यातनाम झाल्यावरही असिमॉव्ह पहाटे उठून टाइपरायटरपुढे बसत आणि रात्रीपर्यंत बसून राहत. दुकान कधी बंद झालेच नाही म्हणा ना!

दुकानात मासिकांचे फळकूट होते. भडक मुखपृष्ठांची ती स्वस्त मासिके विकायला चालत, घरच्या मुलाने वाचायला चालत नसत. वडील त्या बाबतीत कडक. पण 1929 मध्ये 'सायन्स वंडर स्टोरीज' नावाचे मासिक आले. नावात सायन्स आहे म्हणजे पोराच्या अभ्यासाचेच काही असणार, असे समजून इंग्रजी जेमतेम येणाऱ्या बापाने परवानगी दिली. त्या एका शब्दाने मुलाचे आयुष्य ठरवले. अंक चुरगळू न देता वाचायचा आणि पुन्हा फळकुटावर ठेवून द्यायचा, कारण तो विकायचा माल.

जून 1938 मध्ये आपली पहिली कथा घेऊन तो भुयारी रेल्वेने थेट कॅम्बेल यांच्या कचेरीत गेला. पाठवायला सांगितले असते तर पोस्टानेही पाठवता आली असती, पण वडिलांनी स्वतः जाऊन देण्याचा सल्ला दिला होता. कॅम्बेल तासभर त्याच्याशी बोलले आणि कथा मात्र साभार परत केली. नंतरच्याही अनेक परत आल्या. पहिली विकली गेली ती दुसऱ्याच मासिकाला. तिचा चेक आला चौसष्ट डॉलरचा, शब्दाला एक सेंट या दराने. हिशेब मला आवडतात म्हणून आणखी एक सांगतो. 1941 मध्ये 'नाइटफॉल' या कथेचा चेक अपेक्षेपेक्षा जास्त रकमेचा आला, तेव्हा या मुलाने कॅम्बेल यांना फोन करून तुमची काहीतरी चूक झाली आहे असे कळवले. चूक नव्हती. कथा आवडली म्हणून कॅम्बेल यांनी दर वाढवून दिला होता. जास्त आलेले पैसे आपण होऊन कळवणारा खातेदार बँकेत आला की आम्ही त्याला चहा पाजत असू.

यंत्रमानवाचे तीन नियम, कोसळणाऱ्या आकाशगंगेच्या साम्राज्याची 'फाउंडेशन'मालिका, हे सगळे त्यानंतरच्या दहा वर्षांतले. वाचकांना ते परिचित आहे, त्यात शिरत नाही. युद्धकाळात त्यांनी फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत नोकरी केली, 1948 मध्ये डॉक्टरेट मिळवली, 1949 पासून बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले. तेथे त्यांना आपल्यातल्या एका शक्तीचा पत्ता लागला. आपण बोलू लागलो की माणसे ऐकतात! संशोधनात त्यांचे मन रमले नाही, त्यावरून महाविद्यालयात खटके उडाले आणि 1958 पासून प्राध्यापकाचा हुद्दा तेवढा ठेवून पगार सोडून ते पूर्णवेळ लिहू लागले.

आता संमेलनांविषयी थोडे. आपल्याकडे साहित्य संमेलन म्हटले की मांडव, ग्रंथदिंडी, अध्यक्षांचे छापील भाषण आणि समोर खुर्च्यांवर बसलेले रसिक असे चित्र उभे राहते. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांची अमेरिकेतली संमेलने वेगळ्या धाटणीची. ती भरवतात वाचक, प्रकाशक नव्हे आणि सरकार तर नव्हेच. एखादे हॉटेल घ्यायचे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या दालनांत परिसंवाद चालू ठेवायचे. चार-पाच लेखक टेबलामागे बसतात, एक जण लगाम धरतो, विषय कालप्रवासापासून मानधनाच्या दरापर्यंत कोणताही. समोरचा सतरा वर्षांचा मुलगा उठून लेखकाला त्याच्या कथेतली कक्षेची आकडेमोड चुकल्याचे सांगतो आणि लेखक ते ऐकून घेतो. परिसंवाद संपला की तोच लेखक तळमजल्यावर त्याच मुलाबरोबर कॉफी पीत बसतो. आजचा वाचक उद्याचा लेखक होतो तो या जिन्यांवर आणि लिफ्टमध्ये.

असिमॉव्ह यांना ही हवा मानवली. तसा माणूस घरकोंबडा. बंद, लहान, पडदे ओढलेली खोली त्यांना सर्वांत आवडे. भुयारी रेल्वेच्या फलाटावरच्या वर्तमानपत्राच्या टपरीत आयुष्य काढावे असे त्यांना लहानपणी वाटे. विमानाची भीती इतकी की जन्मात दोनदाच विमानात बसले, तेही नोकरी आणि सैन्यातली सक्ती म्हणून. आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पात्रांना क्षणात नेणारा हा लेखक स्वतः रेल्वेने, मोटारीने किंवा बोटीने जाता येईल तेवढेच जाई. 1957 मध्ये जागतिक संमेलन लंडनला भरले, तेव्हा ते नव्हते. इंग्लंडला गेले ते 1974 मध्ये, समुद्रमार्गे. पण न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, क्लीव्हलंड या टापूत संमेलन असले की स्वारी हजर. आणि माणसांनी भरलेली खोली दिसली की हा एकलकोंडा असा खुलायचा की ओळखू येऊ नये.

हातात कागद नसे. काय बोलायचे ते आधी लिहून काढणे त्यांना पटत नसे. समोर कोण बसले आहे ते पाहून, पहिल्या दोन विनोदांना हशा कसा मिळतो ते ऐकून, ते आपली वाट ठरवत. तर्कशुद्ध मांडणीत मध्येच एखादी वात्रट पाचओळी, कधी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकेतले गाणे. ते गात बऱ्यापैकी आणि आग्रहाची वाट पाहत नसत. स्वतःच्या बुद्धिमत्तेची जाहिरात ते इतक्या उघडपणे करत की ऐकणाऱ्याला राग येण्याऐवजी हसू येई. हार्लन एलिसनसारख्या तिखट जिभेच्या तरुण लेखकाबरोबर भर सभेत त्यांची जुगलबंदी रंगे. आर्थर क्लार्क यांच्याशी तर त्यांचा तहच झालेला होता. न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवरून टॅक्सीतून जाताना दोघांनी ठरवले की असिमॉव्ह यांनी क्लार्कना जगातले सर्वश्रेष्ठ विज्ञानकथाकार म्हणायचे, आणि क्लार्क यांनी असिमॉव्हना सर्वश्रेष्ठ विज्ञानलेखक. दुसऱ्या क्रमांकावर प्रत्येकाने स्वतःला ठेवून घ्यायचे.

1955 मध्ये क्लीव्हलंडच्या जागतिक संमेलनाचे ते सन्माननीय पाहुणे होते. त्यानंतर ह्यूगो पारितोषिके वाटण्याचे काम अनेकदा त्यांच्याकडे येई. दुसऱ्यांना बक्षिसे वाटायची आणि आपल्याला एकही नाही, हे रडगाणे त्यांनी आपला हुकमी विनोदच करून टाकला. ह्यूगो मिळालेल्या कथांचा संग्रह 1962 मध्ये त्यांनी संपादित केला, त्याच्या प्रस्तावनेतही तीच कुरकूर. 1963 मध्ये वॉशिंग्टनला एकेक लिफाफा फोडत, प्रत्येक विजेत्याकडे हेव्याने पाहत ते शेवटच्या लिफाफ्यापर्यंत आले. तो फोडला, तर आत त्यांचेच नाव. विज्ञानविषयक लेखांबद्दल विशेष ह्यूगो. बोलण्यात कधी न अडणारा माणूस त्या रात्री अडला. 1966 मध्ये पुन्हा क्लीव्हलंडलाच आजवरच्या सर्वोत्कृष्ट कथामालेचे पारितोषिक द्यायचे ठरले. ते टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'लाच जाणार अशी असिमॉव्ह यांची खात्री होती. मिळाले ते 'फाउंडेशन'ला.

याच संमेलनांनी त्यांना दुसरी पत्नी दिली, आणि तीही आधी भांडण होऊन. 1956 मध्ये न्यूयॉर्कच्या संमेलनात जॅनेट जेप्सन नावाच्या तरुण मनोविकारतज्ज्ञ पुस्तकावर सही घ्यायला रांगेत उभ्या होत्या. असिमॉव्ह यांनी तुसडेपणाने एक अचकट विनोद केला आणि पुस्तक परत दिले. हा माणूस लिहितो चांगला, पण आहे भिकार, असे मत घेऊन बाई घरी गेल्या. असिमॉव्ह यांना त्या वेळी मूतखड्याच्या कळा येत होत्या, हे पुष्कळ नंतर उलगडले. 1959 मध्ये रहस्यकथाकारांच्या एका भोजनाला दोघे शेजारी बसले, तेव्हा मत बदलले. पहिले लग्न मोडल्यानंतर, 1973 मध्ये त्यांनी विवाह केला.

ही गोष्ट अनेक वर्षे गंमत म्हणून सांगितली गेली. मला ती तेवढीच गमतीची वाटत नाही. कारण मूतखडा नसतानाही असिमॉव्ह यांचे बायकांशी वागणे संमेलनात असेच, किंबहुना याहून वाईट असे. न विचारता अंगाला हात लावणे, चिमटे काढणे, मिठ्या मारणे हा त्यांचा लौकिकच झाला होता. चाहत्या मुली, प्रकाशन कचेऱ्यांतल्या तरुण स्त्रिया हे सोसत, आणि काही त्यांना टाळून दुसऱ्या वाटेने जात. 1962 च्या शिकागो संमेलनाच्या अध्यक्षांनी तर या चिमट्यांच्या विषयावर एक विनोदी भाषण द्याल का, असे पत्र त्यांना पाठवले होते. भाषण झाले नाही, पण असे पत्र लिहावेसे वाटले यातच त्या वेळच्या सभागृहाचा स्वभाव कळतो. सगळे हसत होते. हसत नव्हत्या त्यांना कोणी विचारले नाही. कचेऱ्यांतून आयुष्य काढलेल्या आमच्या पिढीतल्या बायकांना यापेक्षा अधिक सांगायला नको. काळच तसा होता, असे म्हणून त्यांचे चाहते आजही वेळ मारून नेतात. पण यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये हा पहिला नियम ज्याने लिहिला, त्याला हे कळत नव्हते असे मानायला माझे मन तयार नाही. दारातून आत गेल्याची टोचणी त्यांनी लिहून ठेवली, ही मात्र त्यांना कधी टोचली असे त्यांच्या लेखनातून दिसत नाही. आता बहुतेक संमेलनांत वर्तनाचे लेखी नियम असतात.

संमेलने वाढत गेली. दोनशेंची हजारो झाली. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कला 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेच्या चाहत्यांनी संमेलन भरवले, तेव्हा तीन हजारांवर लोक आले. असिमॉव्ह तेथेही पाहुणे होते. गंमत म्हणजे 1966 मध्ये याच मालिकेतल्या वैज्ञानिक चुका त्यांनी जाहीर लेखात काढल्या होत्या आणि त्यातूनच निर्माते जीन रॉडनबेरी यांच्याशी मैत्री जुळली होती. डिसेंबर 1972 मध्ये तर परिसंवाद बोटीवरच झाले. अपोलो 17 चे रात्रीचे उड्डाण समुद्रातून पाहण्यासाठी निघालेल्या जहाजावर हाइनलाइन, नॉर्मन मेलर अशी मंडळी होती. फ्रेडरिक पोलही होते. 1939 साली एक आत आणि एक बाहेर असलेले दोन मित्र अपोलो मोहिमांतल्या चंद्राकडे निघालेल्या शेवटच्या माणसांना डेकवरून पाहत होते.

सप्टेंबर 1983 मध्ये बाल्टिमोरच्या जागतिक संमेलनात 'फाउंडेशन्स एज' या कादंबरीला ह्यूगो मिळाला. मालिकेचा आधीचा भाग आणि हा यांत जवळजवळ तीस वर्षे गेली होती. 1977 मध्ये हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता, आता छातीतले दुखणे पुन्हा वाढले होते. 14 डिसेंबर 1983 रोजी बायपास शस्त्रक्रिया झाली. यशस्वी झाली. रक्त द्यावे लागले. दिलेल्या रक्तात एड्सचे विषाणू होते. रक्त तपासण्याची चाचणी 1985 मध्ये आली, तोवर वर्षाहून अधिक काळ निघून गेला होता.

पुढच्या एका शस्त्रक्रियेआधी केलेल्या तपासणीत हे उघड झाले. आयुष्यभर स्वतःविषयी जगाला सगळे सांगत आलेला हा माणूस. पहिल्या चेकची रक्कम, मूतखडा, भीती, फुशारकी, सगळे छापलेले. हे मात्र सांगू नका, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. त्या वर्षांत अमेरिकेतही एड्सच्या रुग्णाचा हात हातात घ्यायला लोक कचरत होते आणि संशयाची नजर पत्नीकडेही वळली असती. ते गप्प राहिले. लिहीत राहिले. 6 एप्रिल 1992 रोजी न्यूयॉर्कच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. हृदय आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सांगण्यात आले, ते खोटे नव्हते. दोनच दिवसांनी टेनिसपटू आर्थर अॅश यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून आपल्याला एड्स झाल्याचे पत्रकार परिषदेत जाहीर केले.

असिमॉव्ह यांच्या आठवणींचे शेवटचे मोठे पुस्तक 1994 मध्ये निघाले. त्यात त्या आजाराचे नाव नाही. 1995 मध्ये ग्लासगोच्या जागतिक संमेलनात वाचकांनी मते देऊन त्या पुस्तकाला ह्यूगो दिला. जॅनेट यांनी आणखी सात वर्षे थांबून, ते डॉक्टर हयात राहिले नाहीत तेव्हा, असिमॉव्ह यांची मुलगी रॉबिन हिच्याशी बोलून 2002 मध्ये खरे कारण छापले.